धुराचा रंग

व्हँकुव्हरच्या इंग्लिश बे किनाऱ्यावर वाळूत मोठमोठे ओंडके ओळीने मांडून ठेवलेले असतात. त्यांना पाठ टेकायची आणि समुद्राकडे बघत बसायचं, ही तिथल्या लोकांची संध्याकाळ. २०१८ च्या ऑगस्टमध्ये सिग्राफ ही संगणकावरच्या चित्रांची परिषद संपल्यावर शहर बघायला म्हणून मी मुद्दाम मागे राहिले होते, आणि त्या दिवशी तशीच एका ओंडक्याला टेकून बसले होते. सूर्य बुडायला बराच अवकाश होता, तरी त्याच्याकडे सरळ बघता येत होतं. किरण नाहीत, झळाळी नाही. करड्या आभाळात नुसती एक तांबूस केशरी चकती, कडा अगदी स्पष्ट. नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं एकामागे एक फिकट होत गेलेली. पहिलं गडद, दुसरं राखाडी, तिसऱ्याची फक्त रेघ, आणि त्यापुढे काही आहे की नाही ते कळत नव्हतं. मी ॲनिमेशनमध्ये लायटिंगचं काम करते. असा प्रकाश पडद्यावर उतरवायला आम्हाला आठवडे लागतात, आणि इथे तो अख्ख्या किनाऱ्यावर पसरला होता. न राहवून मी शेजारच्या ओंडक्यापाशी बसलेल्या एका वयस्कर बाईंना म्हटलं, "काय सुंदर रंग आलाय!" त्या थोडं खोकल्या. मग म्हणाल्या, "हो, सुंदर आहे. झाडं आहेत ती."

मला लगेच उमगलं नाही. त्यांनी सूर्याकडे बोट केलं, मग हात नुसताच हवेत फिरवला. डोंगरांपलीकडे, प्रांताच्या आतल्या भागात वणवे पेटले होते. त्यांची बहीण तिकडे राहते, तिने सामान गाडीत भरून ठेवलंय, घर सोडायचा हुकूम कधीही येईल, असं त्या सांगत होत्या. आवाजात तक्रार नव्हती. मला काही सुनवावं असंही त्यांच्या मनात नसावं. जे दिसत होतं ते काय आहे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. थोड्या वेळाने त्या उठल्या, कपड्यांवरची वाळू झटकली आणि फुटपाथकडे चालत गेल्या.

मी अंधार पडेपर्यंत तेच वाक्य घोळवत बसले.

ते इतकं का लागलं, हे कळायला त्याआधीचा आठवडा सांगायला हवा. परिषद भरली होती ते केंद्र अगदी पाण्याला लागून आहे. उत्तरेकडे काचेची भिंत, तिच्यापुढे बुरार्ड खाडी, आणि खाडीपलीकडे डोंगर. पाण्यावरची छोटी विमानं पाणी कापत उठायची. पलीकडच्या धक्क्यावर गंधकाचा ढीग होता, इतका धमक पिवळा की माझ्या शॉटमध्ये असता तर रंग कमी करा म्हणून निरोप आला असता. दुपारी बाराच्या ठोक्याला भोंगे वाजायचे आणि कॅनडाच्या राष्ट्रगीताचे पहिले चार सूर ऐकू यायचे. आत मात्र अंधारलेली सभागृहं आणि मोठाले पडदे. पहिल्या संध्याकाळी 'फास्ट फॉरवर्ड' असतं: प्रत्येक संशोधकाला मिनिटभराहून कमी वेळ, आणि त्यात त्याने आपलं वर्षा-दोन वर्षांचं काम हजारो लोकांसमोर मांडायचं. केस, बर्फ, कापडाच्या चुण्या, ओली माती, धूर. एक माणूस स्टेजवरून उतरतोय तोवर दुसरा बोलायला लागलेला. मला तो कार्यक्रम फार आवडतो. जगातली प्रत्येक वस्तू कुणीतरी इतक्या मायेने निरखली आहे, वाळूचा कण ओला झाल्यावर गडद का दिसतो यावर कुणीतरी रात्री जागवल्या आहेत, हे एका दमात बघायला मिळतं.

सोमवारी, १३ ऑगस्टला, एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने ट्युरिंग नावाची रचना जाहीर केली. रे-ट्रेसिंगसाठी वेगळा भाग असलेले चिप, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून तयार होणारं चित्र आता क्षणार्धात, हलतं. टाळ्या पडत होत्या तेव्हा मला या पद्धतीच्या सुरुवातीच्या संशोधकांपैकी टर्नर व्हिटेड यांचं ते प्रसिद्ध चित्र आठवत होतं: चौकटीच्या फरशीवर तरंगणारे दोन गोल, एक काचेचा, एक चकचकीत. १९८० सालच्या त्यांच्या निबंधातलं हे एक चित्र काढायला तेव्हाच्या व्हॅक्स संगणकाला ७४ मिनिटं लागली होती. माझा पहिला रे-ट्रेसर, म्हणजे असं चित्र काढणारा प्रोग्रॅम, तोही असाच गोलाचा होता. चित्र वरून खाली एकेक ओळ करत उमटायचं. आधी नुसतं निळं, निळं, निळं. मग गोलाचा माथा, एका ओळीत जेमतेम तीन-चार ठिपके. मग रुंदावत गेलेली पाठ, तिच्यावरची चमक, आणि सगळ्यात शेवटी जमिनीवर पडलेली सावली. सावली मी कुठेही काढलेली नव्हती. दिव्याकडे जाणारा किरण गोलाला अडतो, एवढंच लिहिलं होतं, आणि ती आपोआप आली. त्या रात्री मी ते चित्र पुन्हा पुन्हा चालवलं, फक्त सावली येताना बघायला. पुढे इतकी वर्षं या कामात राहिले, त्याचं मूळ त्या सावलीत आहे.

जेम्स काजिया यांनी १९८६ च्या सिग्राफमध्ये मांडलेलं रेंडरिंगचं, म्हणजे संगणकाने चित्र उमटवण्याचं, समीकरण आमच्या सगळ्या कामाच्या तळाशी आहे. एखाद्या ठिकाणाहून डोळ्याकडे किती प्रकाश येतो? तिथून स्वतःहून निघणारा, अधिक सगळ्या दिशांनी तिथे येऊन परतणारा. बस. समीकरण एका ओळीत मावतं. सोडवायला मात्र आयुष्य पुरत नाही, कारण येणारा प्रकाशही आधी कुठूनतरी परतूनच आलेला असतो. मला ते आजही सुंदर वाटतं. त्यात माणसाचा गाल, दगड, दूध, ढग सगळ्यांना एकच न्याय: प्रकाश आला की तू त्याचं काय करतोस, तेवढं सांग. तू कोण आहेस, कुठून आलास, हे तिथे विचारलं जात नाही.

केंद्राच्या बाहेरच्या चौकात डग्लस कूपलंड यांचं 'डिजिटल ऑर्का' हे २००९ सालचं शिल्प आहे. पाण्यातून उसळी मारलेला ऑर्का, पण सगळा काळ्या-पांढऱ्या घनांचा. जवळ गेलं की पायऱ्या-पायऱ्यांची पाठ, लांब गेलं की गुळगुळीत देवमासा. आमच्या लोकांनी त्याच्यापुढे किती फोटो काढले असतील! आमचीच भाषा ती, भर उन्हात, डोंगरांच्या पुढ्यात उभी केलेली. मीही काढला. त्याच आठवड्यात कॉफीच्या रांगेत कुणीतरी टाकून गेलेल्या वर्तमानपत्रात मी जे-३५ बद्दल वाचलं. तलेक्वा नावाची ऑर्का मादी. तिचं पिल्लू २४ जुलैला जन्मलं आणि अर्ध्या तासात गेलं. ती त्याला बुडू देईना. डोक्यावर तोलून, घसरलं की बुडी मारून पुन्हा वर आणून, सतरा दिवस ती ते घेऊन पोहत राहिली, सोळाशे किलोमीटरहून जास्त. ११ ऑगस्टच्या सुमारास ती पिल्लाविना दिसली. आमची परिषद १२ ला सुरू झाली. तिच्या जमातीत तेव्हा जेमतेम ७५ ऑर्का उरले होते. चिनूक सामन मासे हे त्यांचं खाणं आटत चाललंय, जहाजांच्या आवाजात त्यांना शिकार ऐकू येत नाही, आणि पाण्यातलं विष अंगात साठतं. हे सगळं इथल्याच समुद्रातलं, मी बघत होते त्या पाण्याला जोडलेलं. वर्तमानपत्र हातात धरून मी पुन्हा शिल्पापाशी गेले. मुलं त्याच्या खाली धावत होती. शिल्प कालच्याइतकंच चांगलं होतं, मला ते कालच्याइतकंच आवडलं, आणि तरी तिथे उभं राहवेना.

परिषद संपल्यावर मी पहिली गेले ती स्टॅनली पार्कात. सुमारे ४०० हेक्टरचं हे जंगल शहराला अगदी खेटून आहे. समुद्राच्या कडेने दगडी बांधावरून चालत निघायचं आणि कंटाळा आला की आत झाडांत शिरायचं. आत गेल्यावर पाच मिनिटांत रहदारीचा आवाज थांबतो. सीडरची साल उभ्या धाग्यांची असते. बोट लावलं तर मऊ, किंचित उबदार, दोऱ्यांसारखी सुटणारी. मी प्रत्येक बुंध्याला हात लावत चालले होते, कारण सालीचा तो ताजेपणा आणि तिच्या फटींतला अंधार आमच्याकडे कधी नीट उतरत नाही. मग एक जुना, तोडलेला बुंधा दिसला. माझ्या डोक्याच्या वर उंच आणि एखाद्या खोलीएवढा रुंद. त्याच्या दोन बाजूंना वीतभर खोल आडव्या खाचा होत्या, कडा आता शेवाळाने गोल झालेल्या. पूर्वीचे लाकूडतोडे असल्या खाचांत फळ्या खोचून त्यांच्यावर उभे राहायचे आणि तळाच्या फुगीर भागाच्या वरून झाड कापायचे. पार्क झालं १८८८ मध्ये, तोड त्याआधीची. म्हणजे त्या खाचा पाडणाऱ्या माणसाला जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली असणार, आणि त्याच्या कुऱ्हाडीचा कोन अजून तिथे होता. बुंध्याच्या माथ्यावर हेमलॉकचं एक कोवळं झाड रुजलेलं. त्याची मुळं जुन्या लाकडाच्या अंगावरून खाली उतरत जमिनीला पोचली होती.

आमचं जंगल कसं बनतं ते सांगते. चार-पाच झाडं मन लावून बनवायची. मग त्यांच्याच हजारो प्रती डोंगरभर पेरायच्या. एक थोडं फिरवलेलं, एक थोडं उंच, एकाचा हिरवा जरासा पिवळ्याकडे झुकलेला. संगणकाच्या स्मृतीत झाड एकदाच असतं, बाकी नुसते पत्ते. बघणाऱ्याला कळत नाही आणि कळू नये अशीच आमची धडपड. या युक्तीचा मला अभिमान आहे, तिच्याशिवाय पडद्यावर एकही अरण्य उभं राहिलं नसतं. पण त्या बुंध्याची प्रत कशी काढणार? तो कापला गेला, त्यावर पाऊस पडत राहिला, दुसरं झाड त्याच्यावर वाढलं, हे त्या एकाच जागी, एकाच क्रमाने झालेलं. डिसेंबर २००६ च्या वादळात या पार्कातली सुमारे दहा हजार झाडं पडली. आकडा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचीच पद्धत येते, एक झाड दहा हजार वेळा. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या पडण्याने जमिनीत एक वेगळा खड्डा पडला असणार.

आणि मग ती किनाऱ्यावरची संध्याकाळ.

सूर्याकडे बघत मी मनातल्या मनात काय करत होते ते मला पक्कं आठवतं. जहाजांच्या फिकट होण्यावरून मी धुराची घनता काढत होते. धूर प्रत्येक मीटरला प्रकाशाचा ठरावीक हिस्सा खातो, म्हणून लांबच्या वस्तू आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत विरतात. ते गणित डोळ्यांना सवयीने दिसतं. मग प्रकाश कणांवर आपटून कुठल्या दिशेला जास्त जातो त्याचा अंदाज. त्यासाठी आम्ही हेन्यी आणि ग्रीनस्टाइन या दोन खगोलशास्त्रज्ञांचं १९४१ सालचं सूत्र वापरतो. त्यांनी ते ताऱ्यांमधल्या धुळीसाठी मांडलं होतं. उणे एक ते एक यांच्यामधला एकच आकडा बदलायचा, आणि तेच सूत्र धुकं, दूध, त्वचा, ढग सगळ्यांना चालतं. आकाशगंगेच्या धुळीसाठी केलेलं गणित पृथ्वीवरच्या धुराला लागू पडावं, याचं मला कौतुक वाटत आलंय, आणि त्या संध्याकाळीही तेच कौतुक मनात होतं. निळा आधी गळतो, लाल उरतो, म्हणून चकती तांबूस. सगळं बरोबर जुळत होतं. त्या बाईंनी सांगितलं त्यातलं एक अक्षरही त्या गणिताच्या विरोधात जात नाही. धूर म्हणजे जळलेल्या लाकडाचे बारीक कण, हे मला कुणी विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं. पण माझ्या मनात तो धूर एक घनता होता, एक दिशेचा आकडा, आणि एक रंग. त्यांच्या मनात तो बहिणीच्या घरामागचा उतार होता.

ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १५ ऑगस्टला आणीबाणी जाहीर केली होती. त्या दिवशी मी सभागृहात बसून धूर कसा भासवावा यावरचं एक भाषण ऐकत होते, हे नंतर तारखा जुळवताना लक्षात आलं. त्या वर्षी तिथे साडेतेरा लाख हेक्टरच्या आसपास जमीन जळाली. आदल्या वर्षीचा बारा लाखांचा आकडाच तोवरचा उच्चांक होता. माझा मुक्काम संपत आला तसे खाडीपलीकडचे डोंगर पूर्ण गेले. रिकाम्या पांढुरक्या पडद्यापुढे तो गंधकाचा ढीगही मळका दिसायला लागला. घशात सतत राखेची चव. हॉटेलच्या खिडक्या बंद ठेवा अशी चिठ्ठी दारावर आली. रस्त्यात लोक तोंडाला रुमाल धरून, तरी मान वर करून सूर्याचे फोटो काढत होते. मला त्यांच्यावर रागवावंसं वाटलं नाही. तो रंग खरोखरच बघण्यासारखा होता. सुंदर वाटणं आणि घसा जळणं हे दोन्ही एकाच श्वासात होत होतं, आणि त्यांतलं एक खोटं ठरवून मोकळं व्हायची सोय नव्हती.

परतण्याआधी विद्यापीठाच्या टोकाला असलेलं मानववंशशास्त्राचं संग्रहालय बघितलं. वास्तुकार आर्थर एरिक्सन यांनी रचलेली १९७६ ची इमारत. मस्क्वीम या मूळ रहिवाशांच्या भूमीवर उभी. मोठ्या दालनात छतापर्यंतच्या काचांपुढे जुने कोरीव खांब उभे आहेत. बाहेर एरवी झाडं आणि समुद्र दिसत असणार, त्या दिवशी पिवळट उजेड होता. आत एका गोलाकार दालनात बिल रीड यांचं 'कावळा आणि पहिली माणसं' हे १९८० सालचं शिल्प. हायडा या तिथल्याच मूळ लोकांची कथा अशी, की किनाऱ्यावर कावळ्याला एक शिंपला सापडला आणि त्यात इवलाली माणसं घाबरून बसलेली होती. त्याने त्यांना गोड बोलून बाहेर यायला लावलं. शिल्पात शिंपला उघडतोय. एकजण जोर लावून बाहेर निघतोय, एकजण पुन्हा आत शिरायच्या बेतात, कुणाचा नुसता पार्श्वभाग दिसतोय. वर कावळा पंख पसरून. हे सगळं १०६ यलो सीडरच्या तुळया जोडून केलेल्या ठोकळ्यातून कोरलंय. मी त्याच्याभोवती फिरत राहिले. लाकडावर प्रकाश कसा खेळतो, धाग्यांची दिशा बदलली की चमक कशी सरकते, यावर २००५ च्या सिग्राफमध्ये एक सुरेख निबंध होता. तो मी कामात पुष्कळ वापरला आहे. इथे मी त्या सरकण्याकडे बघत सांधे शोधत होते. कावळ्याच्या छातीवर एका ठिकाणी वाढीच्या रेघा येतात, वळतात आणि अचानक दुसऱ्या रेघांना भिडतात. एक झाड संपून दुसरं सुरू होतं. दोन्हींच्या रेघांची दाटी वेगळी होती. एकाने दाट, सावकाश वाढलेली वर्षं काढली होती, दुसऱ्याने ऐसपैस. कोरणाऱ्यांनी त्या सांध्यावरूनच पिसाची कडा पुढे नेली होती.

पुढे कामावर धुराचे शॉट येत राहिले. घनतेचे, दिशेचे आकडे आजही तेच भरते, त्याला पर्याय नाही. सुरुवातीच्या बैठकीत मात्र एक प्रश्न आता मी ठरवून विचारते: या शॉटमध्ये काय जळतंय? कामाच्या दृष्टीनेही तो रास्त आहे. ओला पालापाचोळा धुमसला की धूर पांढुरका येतो, रबर-तेल जळलं की काळाकुट्ट, कारण एक प्रकाश परतवतो आणि दुसरा गिळतो. बऱ्याचदा समोरून उत्तर येतं, "तसं काही ठरवलेलं नाही, मूड हवाय." मग आम्ही ठरवायला बसतो. मागे एकदा एका दृश्यात लांबवर नुसता धुराचा पट्टा हवा होता. ते घर असावं की गवत, यावर तासभर बोलणं झालं, शेवटी गोठा ठरला, आत वाळलेला चारा आणि पत्र्याचं छप्पर. त्या बैठकीनंतर पटकथेत एका पात्राला एक वाक्य जास्त मिळालं, आणि मला धुराचा रंग दोन छटा उजळ करावा लागला.